‘तू कोणाचा?’ ते ‘तू कोण?’ : शालेय शिक्षणातील आत्मविचार व संवाद

१

लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरच्या परिसरात एखादे मूल अनोळखी वडीलधाऱ्या माणसासमोर आले म्हणजे त्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तू कोण?’ असा नसतो. ‘कोणाचा रे तू?’ असा असतो. हा प्रश्न केवळ चाकूरचा नव्हे. महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण भागांत तो ऐकावयास मिळतो, आणि त्यात बहुधा मायाच असते. मूल बापाचे नाव सांगते, मग आडनाव, मग गल्ली किंवा वाडी. आणि एवढ्या उत्तरावरून विचारणाऱ्यास घर, जात, सोयरीक आणि शेताचा बांधदेखील कळून येतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा षष्ठीचा प्रश्न आहे. प्रथमेचा प्रश्न, म्हणजे ‘तू कोण?’ हा, मुलास सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच तर तो जिज्ञासेचा नसतो, दटावणीचा असतो: ‘तू कोण मला सांगणारा?’ ज्या भाषाव्यवहारात ‘तू कोण?’ हे वाक्य प्रायः अधिकार नाकारण्यासाठीच उच्चारले जाते, त्या व्यवहारात वाढणाऱ्या मुलापुढे ‘मी कोण?’ हा प्रश्न सन्मानाने कसा ठेवावयाचा, ही शालेय शिक्षणातील एक खरीखुरी अडचण आहे.

शाळा ही अडचण कमी करते असे दिसत नाही. दाखल-खारीज नोंदवहीतील रकाने पुन्हा षष्ठीचीच उत्तरे मागतात. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, त्यामुळे ‘कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर अधिक न्याय्य झाले. परंतु प्रश्न तोच राहिला. जातीचा रकानाही नुसत्या सदिच्छेने पुसून टाकता येण्याजोगा नाही, कारण शतकानुशतके नाकारलेले हक्क मिळविण्याचा पुरावा पुष्कळ मुलांच्या हाती त्या एका नोंदीच्या रूपानेच असतो. म्हणून ‘कोणाचा?’ हा प्रश्न त्याज्य ठरविणे हा येथील विषय नाही. त्याच्या पलीकडे दुसरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची जागा शाळा होऊ शकते किंवा नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

शाळेत आत्मज्ञानास आणि तत्त्वचिंतनात्मक संवादास स्थान द्यावे, ही मागणी अलीकडे वारंवार केली जाते. मागणीचे दोन भाग एकत्र उच्चारले जातात आणि त्यामुळे ते एकरूप आहेत असा समज होतो. वस्तुतः त्यांच्यात ताण आहे. आत्मज्ञान म्हटले की उत्तर आधीच सिद्ध आहे असे सूचित होते. संवाद म्हटले की ते अजून ठरावयाचे आहे असे. यांपैकी कोणत्या भागास दुसऱ्याच्या अधीन करावयाचे, यावर या साऱ्या उपक्रमाचे मोल अवलंबून आहे.

२

मराठवाड्याचा या प्रश्नाशी संबंध औपचारिक स्वरूपाचाही आहे. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ मध्ये, संसदेत विभागनिहाय स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. त्यांपैकी मानव संसाधन विकास मंत्रालयाशी संबंधित समितीने, नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली, मूल्याधिष्ठित शिक्षणावरील आपला ८१ वा अहवाल फेब्रुवारी १९९९ मध्ये सादर केला. सत्य, धर्म म्हणजे सदाचरण, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया व्हावीत, असे त्या अहवालाचे प्रतिपादन होते. पुढे २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाचा विस्ताराने आधार घेतला आणि संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेले धार्मिक शिक्षण वेगळे व निरनिराळ्या धर्मांचा परिचय वेगळा, असा भेद मान्य केला.

अहवालामागील तळमळ खरी आहे, यात शंका नाही. त्याच्या मांडणीचा दोष मात्र भाषेच्या अंगाने चटकन ध्यानात येतो. ही पाचही मूल्ये नामे आहेत. आणि तीही तत्सम नामे. नामाचा स्वभाव स्थिर असतो. ते फळ्यावर लिहिता येते, पाठ करता येते, त्याची व्याख्या प्रश्नपत्रिकेत मागता येते. मुलाच्या आयुष्यात मूल्य भेटते ते क्रियापदाच्या रूपात, आणि बहुधा दोन क्रियापदांच्या झगड्यात. ‘सत्य म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर सहावीतील मूल सहज देईल. खरे सांगितल्याने शेजारी बसलेल्या मित्रास मार बसणार असेल तर खरे सांगावे काय, या प्रश्नाशी ते अडखळेल. ते अडखळणे हेच शिक्षणाचे खरे स्थळ होय. यादीत मात्र सत्य आणि प्रेम शेजारी शेजारी सुखाने नांदतात. त्यांची कधी गाठ पडत नाही.

महाराष्ट्रातील शाळांचा परिपाठ या नामप्रधान दृष्टीचे रोजचे उदाहरण आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष अशा क्रमाने तो चालतो. त्यातील प्रत्येक घटक स्वतंत्रपणे चांगला आहे. परंतु त्यांत मुलाने स्वतः रचलेले एकही वाक्य नसते. प्रश्नमंजुषा असते तेथेही प्रश्न ज्याचे उत्तर ठाऊक आहे अशाच जातीचा असतो. बोधकथेच्या शेवटी तात्पर्य येते आणि कथेने उघडलेले दार ते लावून घेते.

या पार्श्वभूमीवर शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू केलेल्या ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाची दिशा वेगळी होती, हे नमूद करावयास हवे. संविधानातील मूल्ये जोडीतील व गटातील चर्चेतून, मुलांच्या कृतींतून रुजवावीत, अशी त्याची रचना होती. शासकीय शाळांतील मराठी मुले वर्गात एकमेकांशी विषयास धरून बोलू शकतात, या गृहीतावर तो उभा होता आणि ते गृहीत महत्त्वाचे आहे. कारण संवादप्रधान शिक्षण म्हटले की राजगुरुनगरजवळ १९९५ पासून चालू असलेल्या, कृष्णमूर्तींच्या विचाराने चालणाऱ्या सह्याद्री स्कूलसारखी निवासी इंग्रजी शाळाच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. तरीही ‘मूल्यवर्धन’मध्येसुद्धा चर्चा कोठे पोचावी, हे मूल्याच्या नावाने आधी ठरलेले असते. तत्त्वचिंतनाचे पाऊल याच्या पुढचे आहे.

३

संवादातून आत्मविचार ही कल्पना परक्या शिक्षणशास्त्राकडून उसनी घ्यावी लागेल, असे मराठवाड्यात तरी म्हणता येणार नाही. चाकूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनुसार शके १११० मधील, म्हणजे इसवी सन ११८८ च्या सुमाराचा मानला जातो. काळाविषयी व स्थळाविषयी मतभेद आहेत. विदर्भातील आंभोऱ्याचा पक्षही अभ्यासकांनी मांडला आहे. ग्रंथाच्या स्वरूपाविषयी मात्र वाद नाही. पूर्वार्ध व उत्तरार्ध मिळून १८ प्रकरणांचा हा ओवीबद्ध ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने अद्वैत वेदान्ताचे प्रतिपादन करतो. जीव कोण, ब्रह्म काय, दोहोंचे ऐक्य कसे, हा त्याचा विषय; म्हणजे ‘मी कोण?’ हाच.

मराठीत इतक्या आरंभीच्या काळी अमूर्त विचार पेलण्याचा प्रयत्न झाला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु संवाद म्हणून ‘विवेकसिंधु’ वाचला, तर त्यातील शिष्याची भूमिका किती मर्यादित आहे, हे दिसून येते. त्याच्या शंका खऱ्या असल्या तरी धोक्याच्या नाहीत. प्रतिपादनाचा पुढचा टप्पा यावा म्हणून त्या येतात, आणि निरसन होताच नाहीशा होतात. गुरूच्या सिद्धान्तास शिष्याच्या शंकेने कोठे वळण लागले, एखादी गोष्ट अनिर्णीत राहिली, असे घडत नाही. हा ग्रंथाचा दोष नव्हे. ते त्याचे प्रयोजनच नाही. सिद्ध असलेले ज्ञान अधिकाऱ्याने अधिकारी व्यक्तीस देणे, हे त्याचे प्रयोजन आहे. मात्र असा संवाद शाळेचा नमुना म्हणून घेतला, तर शिक्षक गुरूच्या आसनावर बसेल, आणि शंका विचारण्याचे कामही मुलांना नेमून दिले जाईल.

मुकुंदराजांविषयीची आख्यायिका या बाबतीत ग्रंथापेक्षा अधिक बोलकी आहे. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून दुसरा पाय पलीकडे टाकीपर्यंत ब्रह्म दाखवा, असा हट्ट राजा जैतपाल धरी आणि ज्यांना ते साधत नसे त्यांना शिक्षा करी, असे परंपरा सांगते. आख्यायिकेत मुकुंदराज राजाचा हट्ट पुरवितात. पण कथेतील राजा हा ज्ञानाचा कसा ग्राहक आहे, ते पाहण्याजोगे आहे. त्यास उत्तर हवे आहे, वेळ द्यावयाचा नाही, आणि अपयशाची शिक्षा उत्तर देणाऱ्याने भोगावयाची आहे. आत्मज्ञानाची एक तासिका वेळापत्रकात घालावी आणि वर्षअखेरीस मुलांच्या वर्तनातील बदल तक्त्यात भरून द्यावा, असे जेव्हा सुचविले जाते, तेव्हा रिकिबीतला तो पाय आठवल्यावाचून राहत नाही.

याच प्रदेशात दुसऱ्या एका राजाचे नाव एका विद्यासंस्थेवर कोरलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. पाली ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेनास प्रश्न विचारणारा. महाविद्यालयास नाव दिले गेले ते उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नव्हे, प्रश्न विचारणाऱ्या मिलिंदाचे. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेस ते नाव असावे, यातील औचित्य सांगावयास नको.

‘मिलिंदपञ्ह’तील पहिली महत्त्वाची चर्चा नावापासून सुरू होते, आणि भाषाभ्यासकास ती विशेष उद्बोधक वाटावी अशी आहे. राजा नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात. पण ही केवळ संज्ञा आहे, व्यवहार आहे. या नावामागे अशी कोणी व्यक्ती सापडत नाही. यावर मिलिंदाचा आक्षेप बिनतोड आहे. व्यक्तीच नसेल तर भिक्षा कोण घेतो, शील कोण पाळतो, पाप कोणास लागते, आणि कोणी कोणाचा गुरू तरी कसा? केस म्हणजे नागसेन काय, नखे म्हणजे नागसेन काय, अशी तो अंगोपांगांची झडती घेतो. नागसेन उत्तर न देता उलट विचारतो: राजा, तू रथातून आलास, मग रथ म्हणजे दांडी काय, आस काय, चाके काय? राजास कबूल करावे लागते की या साऱ्यांच्या आधाराने ‘रथ’ हा शब्द चालतो.

‘विवेकसिंधु’ आणि ‘मिलिंदपञ्ह’ यांचा सिद्धान्त एक नाही. एकात आत्मा हेच अंतिम सत्य आहे, दुसऱ्यात असा आत्मा सापडतच नाही. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळेने या दोहोंपैकी कोणते उत्तर शिकवावे? संविधान तिला कोणतेही एक शिकविण्याची मुभा देत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु या विरोधातून वाटही निघते. दोन्ही ग्रंथांत उत्तरे विरुद्ध असली तरी प्रश्न समान आहे. शाळेने स्वीकारावयाचा तो प्रश्न. आत्मज्ञान हा शब्द शालेय संदर्भात अपुरा पडतो आणि ‘आत्मविचार’ हा अधिक नेमका ठरतो, तो याचमुळे.

‘मिलिंदपञ्ह’ने शाळेस आणखी एक देणगी दिली आहे. संवादास बसण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो: पंडितांसारखे बोलणार असशील तर बोलेन, राजांसारखे बोलणार असशील तर नाही. दोहोंतील फरक विचारल्यावर तो सांगतो, की पंडितांच्या वादात गुंता होतो, उकल होते, दोष दाखविले जातात, पण त्याने कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट प्रतिपादितात आणि जो मानणार नाही त्यास दंड करतात. मिलिंद पंडितांसारखे बोलण्याचे कबूल करतो. वर्गात राजा कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तत्त्वचिंतनात्मक संवादाची पहिली अट मुलांनी पुरवावयाची नसून शिक्षकाने पुरवावयाची आहे.

४

वर्गातील बोलण्याची घडण या अटीच्या आड कशी येते, ते भाषाविज्ञानाने स्पष्ट केले आहे. सिंक्लेअर व कूल्थर्ड यांनी १९७५ मध्ये इंग्रजी वर्गांतील संभाषणाचे पृथक्करण करून त्रिपदी रचना दाखविली: शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, शिक्षक उत्तराची पारख करतो. व्यवहारात विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक नसते म्हणून तो विचारतो. ‘बस गेली का?’ असे विचारून, उत्तर ऐकल्यावर ‘शाब्बास, बरोबर!’ असे चाकूरच्या बसस्थानकावर कोणी म्हणणार नाही. वर्गात मात्र हेच घडते. विचारणारा जाणता आणि सांगणारा संशयित, अशी ही उलटी मांडणी आहे. ती मोडावयाची तर सारा बदल तिसऱ्या पदात करावा लागतो. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ यांच्या जागी ‘तुला असे का वाटते?’ किंवा ‘याहून निराळे कोणास वाटते?’ ही वाक्ये आली, की संभाषणाचे स्वरूपच पालटते.

मराठीत येथे एक विशेष अडचण आहे. वडीलधाऱ्यांस ‘का?’ असे विचारणे म्हणजे उलट बोलणे, असा संकेत घट्ट रुजलेला आहे. ‘उलट उत्तर’ हा शब्दप्रयोग मराठीत दूषणाचाच आहे, मग ते उत्तर खरे असो वा खोटे. संवाद शिकवावयाचा म्हणजे आदर सोडावयास शिकविणे नव्हे. आदर राखून मतभेद व्यक्त करण्याची वाक्यरूपे मुलांच्या तोंडी बसविणे होय. ‘तुमचे म्हणणे असे आहे का?’, ‘मग असे नाही का होणार?’, ‘गुरुजी, मला याहून वेगळे वाटते’ ही रूपे भाषेत आहेतच. व्याकरणाच्या तासाला प्रश्नार्थक वाक्याचे विधानार्थी वाक्य करा, असे सांगण्यात जितका वेळ जातो त्याचा अल्पांश जरी या रूपांस मिळाला तरी पुरे.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठवाड्यातील मूल घरी ‘विचार करायलाव’ म्हणते. वर्गात त्यास ‘विचार करीत आहे’ म्हणावे लागते. पाठ केलेले उत्तर प्रमाणभाषेत देणे सोपे असते, कारण ते वाक्य पुस्तकातून तयारच मिळते. जो विचार अजून होत आहे, तो मात्र घरच्याच भाषेत होतो. शुद्धतेसाठी मध्येच थांबविलेले मूल पुढच्या खेपेस विचार बोलून न दाखविता पुस्तकातील वाक्यच बोलून दाखविते. या बाबतीतही जुना दाखला आहे. पंडित शिष्य संस्कृतात प्रश्न विचारू लागले असता, चक्रधरांनी निरूपण केले ते मराठीत, तेव्हा तीतच विचारा, असे नागदेवाचार्यांनी त्यांना बजावल्याची हकिगत महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त आहे. बोलभाषा ही तत्त्वविचाराची तात्पुरती पायरी नसून त्याचे माध्यम आहे, हा निर्णय मराठीत तेराव्या-चौदाव्या शतकांतच झाला होता. प्रमाणमराठी आणि बोली यांच्या संदर्भात तो अजून अमलात यावयाचा आहे.

मराठीने या कामी दोन साधनेही दिली आहेत. पहिले ‘म्हणजे’. हा शब्द ‘म्हणणे’ या धातूच्या जुन्या कर्मणी रूपापासून आला आहे. ‘म्हणिजे’ म्हणजे ‘म्हटले जाते’. तेव्हा ‘न्याय म्हणजे काय?’ या प्रश्नाचा मूळ आशय ‘न्याय असे म्हणतात ते काय?’ असा होतो. मूल व्याख्या पाठ म्हणण्याऐवजी, घरी, मैदानात, दुकानात हा शब्द केव्हा म्हटला जातो, ते सांगू लागले की नागसेनाचा रथ वर्गात आला असे समजावे. दुसरे साधन ‘आपण’. संस्कृत ‘आत्मन्’ प्राकृतात ‘अप्प-’ झाला आणि त्यातून मराठी ‘आपण’ सिद्ध झाले. आत्मन्‌चा हा तद्भव वंशज मराठीत तीन कामे करतो: ‘तो आपण होऊन आला’ यात स्वतः, ‘आपण जाऊ’ यात श्रोत्यासह आम्ही, आणि ‘आपण बसावे’ यात आदरार्थी तुम्ही. श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद हिंदीत नाही. शेजारच्या तेलुगूत आहे, आणि मराठीत तो द्राविडी संपर्काने दृढ झाला असावा, असे अभ्यासक मानतात. व्युत्पत्तीवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून, या तिहींना एकच शब्द पुरतो, ही वस्तुस्थिती वर्गात चर्चेस ठेवण्याजोगी आहे. निजामी राजवटीत १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू केले, त्या काळी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांनी मराठवाड्यास ‘आम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ते त्या काळाचे काम होते. त्या ‘आम्ही’चे ‘आपण’ करणे, गावकुसाबाहेरच्यास, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलास, दुसऱ्या धर्माच्या सोबत्यास त्यात घेणे, हे काम पुढच्या शाळांकडे आले.

५

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला वयाचा. अमूर्त विचार अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो, हे पियाजेचे मत त्यासाठी पुढे केले जाते. अमेरिकेतील मॅथ्यू लिपमन यांनी मुलांसाठी तत्त्वज्ञान हा उपक्रम उभारून आणि १९७४ मध्ये माँटक्लेअर येथे त्यासाठी संस्था काढून हे मत व्यवहारात तपासले. त्यांच्या पद्धतीत मुले कथा वाचतात, प्रश्न मुलेच काढतात, आणि प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह फळ्यावर लिहिला जातो. परंतु या आक्षेपाचे उत्तर शोधावयास लातूर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. घरातले गेले आणि मीच का राहिलो, हा प्रश्न वाचलेल्या मुलांपुढे उभा राहिला नसेल, असे मानणे कठीण आहे. मुलांचे वय पाहून प्रश्न येत नाहीत. शाळेने ते ऐकावयाचे की नाहीत, एवढेच शाळेच्या हाती असते.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो लातुरात विशेष वजनदार आहे. राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांतून पुढे आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांस गुणवत्ता यादीत नेले, पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली, शेतकऱ्यांच्या घरांत डॉक्टर व अभियंते निर्माण केले. त्याची थट्टा करणाऱ्यास या भागातील बाप आपले शेत का गहाण ठेवतो, हे ठाऊक नसते. मात्र सरावचाचण्यांवर उभ्या असलेल्या या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणास तरी आधीच माहीत असते. ज्या प्रश्नांची उत्तरे कोणासच माहीत नाहीत, त्यांच्यासमोर उभे राहण्याचा सराव ती देत नाही. अपेक्षेइतके गुण न मिळालेल्या विद्यार्थ्यापुढे येणारा पहिला प्रश्न ‘मी कोण?’ हाच असतो. आणि गुणांव्यतिरिक्त दुसरे उत्तर त्याने कधी शोधलेलेच नसते. हा सराव नसल्याची किंमत पुष्कळदा त्या मुलास एकट्याने मोजावी लागते.

तिसरा आक्षेप शिक्षकाविषयीचा. त्याच्यापाशी अशी तयारी कोठून यावी? येथे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे उदाहरण उपयोगी आहे. पीपल्स कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी ते शाळेत शिक्षक होते. प्रतिपक्षाची बाजू तिच्या समर्थकापेक्षाही समर्थपणे मांडावी आणि मगच तिचे खंडन करावे, ही त्यांच्या विवेचनाची ख्याती. आणि ती पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या जुन्या शास्त्रीय शिस्तीतून आलेली. प्रत्येक शिक्षक कुरुंदकर होणार नाही. पण पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडणे हे कौशल्य आहे, प्रतिभा नव्हे. आणि कौशल्य अध्यापक विद्यालयात शिकविता येते. या आक्षेपाचे उरलेले अंग मात्र अधिक कठीण आहे. गावात शिक्षकही ‘कोणाचा?’ या प्रश्नातून सुटलेला नसतो. जातीविषयी, देवाविषयी, मुलींच्या लग्नाविषयी वर्गात उघड बोलणे झाले, की सायंकाळपर्यंत ते गावात पोचते. अशा शिक्षकाच्या पाठीशी खाते उभे राहणार नसेल, तर संवादाचे परिपत्रक म्हणजे त्याच्या गळ्यात बांधलेला धोंडा ठरेल.

६

तेव्हा ‘आत्मज्ञान’ नावाचा नवा विषय, नवे पुस्तक आणि नवी परीक्षा यांची मागणी मान्य करण्याजोगी नाही. विषय झाला की त्याची उत्तरे होतील, उत्तरे झाली की त्यांचे मार्गदर्शक बाजारात येतील. आहे त्या शाळेत जागा करता येईल अशी गोष्ट याहून लहान आहे. चाकूरसारख्या तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याच्या वरच्या बाजूस रोज सुविचार लिहिला जातो. आठवड्यातून एक दिवस त्या ओळीत मुलांनी आणलेला एक प्रश्न, आणणाऱ्याच्या नावासह, लिहावा. त्यावर अर्धा तास बोलणे व्हावे. बोलीत झाले तरी चालेल. शेवटी शिक्षकाने तात्पर्य सांगू नये. गुण देऊ नयेत. प्रश्न संपला नाही तर पुढच्या आठवड्यात तोच राहू द्यावा.

याचा परिणाम कसा मोजावा, हा प्रश्न भाषाविभागांनी स्वतःकडे घ्यावयास हवा. मूल अधिक सत्यवचनी झाले काय, हे मोजता येत नाही आणि मोजू नये. वर्गात प्रश्न कोण विचारतो, हे मात्र मोजता येते. लातूर व नांदेड जिल्ह्यांतील वर्गसंभाषणांचे ध्वनिमुद्रण करून, त्यांत मुलांनी विचारलेले प्रश्न किती, त्यांतील मुलींचे किती, ‘का?’ किती आणि ‘म्हणजे काय?’ किती, कोणते प्रश्न बोलीत आले आणि कोणते प्रमाणभाषेत, शिक्षकाचे तिसरे पद कोठे बदलले, याची पदव्युत्तर पातळीवर नोंद करणे सहज शक्य आहे. शालेय संवादाच्या ध्येयवादावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्याच्या व्याकरणाचे काम मात्र अजून बहुतांशी व्हावयाचे आहे, आणि ते कोणत्याही शिक्षणखात्याच्या परवानगीवाचून सुरू करता येण्याजोगे आहे.